विंडोज फॉर्म्सचा टूलटिप: काजूचा एक हंगाम वापरल्यावर

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या काजू कारखान्यांसाठी मी खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर लिहितो, सी शार्प या भाषेत आणि विंडोज फॉर्म्स या विंडोजच्या स्क्रीन बनवायच्या साधनात. वेबवर का नाही, असं विचारणाऱ्यांनी जुलैत इकडे येऊन नेट चालवून दाखवावं. गेल्या हंगामाआधी सगळ्या स्क्रीनवर टूलटिप (बटणावर माउस नेला की उमटणारी छोटी टीप) घातले. पाऊस लागेपर्यंत ते काउंटरवरच्या माणसांनी रोज वापरले.

बसवायला सोपा. फॉर्मवर, म्हणजे स्क्रीनवर, एक टूलटिप कंपोनंट टाकला की प्रत्येक कंट्रोलच्या (बटण, यादी वगैरेच्या) प्रॉपर्टीजमध्ये मजकुराचा रकाना आपोआप येतो. कोडमधून करायचं तर सेटटूलटिप या फंक्शनला कंट्रोल आणि मजकूर द्या, झालं. मजकूर बदलायचा तर तेच पुन्हा. जुना जातो, नवा बसतो. दर वेळी नवा टूलटिप ऑब्जेक्ट बनवणारा कोड एका जुन्या प्रोग्रॅममध्ये बघितलाय, तिथे एकाच बटणावर दोन टिपा एकमेकींवर चढायच्या. अख्ख्या फॉर्मला एक पुरतो.

बदलत्या मजकुराचा खरा उपयोग झाला तो काजूच्या ग्रेडच्या कॉम्बोबॉक्सवर, म्हणजे निवडीच्या यादीवर. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० यातला आकडा म्हणजे एका पौंडात किती अख्खे गर बसतात ते. म्हणजे आकडा लहान तर गर मोठा आणि दर चढा. काउंटरवर नव्याने बसलेल्या पोराला हे हमखास उलटं वाटतं. ग्रेड निवडला की सिलेक्टेडइंडेक्सचेंज्डमध्ये (निवड बदलली की चालणाऱ्या कोडमध्ये) टीप बदलते: ‘पौंडाला ३०० ते ३२० गर. २४० पेक्षा बारीक.’ यावरून येणारे फोन जवळपास थांबले. मात्र यादीतल्या ओळीगणिक टीप बदलायची असेल आणि ते काम माउस हलला की चालणाऱ्या माउसमूव्हमध्ये करत असाल, तर मजकूर खरंच बदललाय का ते आधी तपासा. नाहीतर टीप नुसती लुकलुकत राहते.

आता मुख्य तक्रार. बंद केलेल्या बटणावर टूलटिप दिसतच नाही. वजन भरलेलं नसेल तर ‘पावती छापा’ बंद असतं, आणि नेमकं तेव्हाच ते का बंद आहे हे माणसाला हवं असतं. पहिल्याच आठवड्यात फोन: ‘अरे, ह्यां बटण दाबाक येना नाय!’ कारण साधं आहे. बंद कंट्रोलला माउसचे संदेश मिळत नाहीत, ते त्याच्या खालच्या कंट्रोलकडे जातात. उपायही त्यातच आहे. बटण त्याच्याच मापाच्या पॅनेलमध्ये, म्हणजे रिकाम्या चौकटीत, ठेवायचं आणि दोघांना वेगवेगळी टीप द्यायची. बटण बंद असताना माउस पॅनेलला लागतो आणि ‘आधी वजन भरा’ दिसतं. चालू झालं की बटणाची स्वतःची टीप येते. कुठली टीप कधी दाखवायची यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही. हा जुगाड मला बेहद्द आवडला, पण जुगाडच तो. विंडोजच्याच डब्ल्यूपीएफ या दुसऱ्या साधनात शोऑनडिसेबल्ड नावाची सरळ सोय आहे. इथे का नसावी?

वेळेचं गणित बदलूनच घ्या. मूळ सेटिंगमध्ये टीप अर्ध्या सेकंदाने उघडते आणि पाच सेकंदांत मिटते. चष्मा शोधेपर्यंत पाच सेकंद गेलेले असतात. ऑटोपॉपडिले (टीप किती वेळ दिसत राहते तो आकडा) मी ३२७६७ मिलिसेकंदांवर नेला; त्याहून मोठा आकडा घालून उपयोग नाही.

अक्षर मोठं करायला मात्र यातायात. फॉन्टची प्रॉपर्टीच नाही. ओनरड्रॉ (टीप स्वतः रंगवायची सोय) चालू करा, पॉपअप इव्हेंटमध्ये माप द्या, ड्रॉमध्ये स्वतः रंगवा. फुग्याच्या आकाराची टीप ठेवली असेल तर तेही चालत नाही. मी फुगा काढला.

टूलस्ट्रिपवरची, म्हणजे बटणांच्या पट्टीवरची, बटणं या कंपोनंटच्या हद्दीत येत नाहीत, त्यांची टूलटिपटेक्स्ट वेगळी. ती रिकामी सोडली तर ‘छापा’वर माउस नेल्यावर पुन्हा ‘छापा’ हेच दिसतं. असली टीप नसलेली बरी.

एका कारखान्याने यंदा टचस्क्रीन घेतली. बोट काही बटणावर तरंगत नाही, तेव्हा तिथे सगळी मेहनत पाण्यात. त्यांच्यासाठी बंद बटणाखाली लाल अक्षरांत साधं लेबल ठेवलंय, आणि पॅनेलच्या टिपेचा मजकूरच त्यात भरतो.