एसपीसी फ्लोअरिंग, ९ महिन्यांनंतर: खाली आवाज जायचा थांबला का?

बडोद्यात दांडिया बाजारजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आमचा, स्लॅबवर सरळ विट्रिफाइड टाइल्स. मुलगा चार वर्षांचा, चालणं माहीतच नाही, धावतोच. खालचे काका दर दोन दिवसांनी वर यायचे, "बेन, जरा धीमेथी". चिडायचे पण नाहीत बिचारे, त्यामुळे अजूनच लाज वाटायची.

शेवटी फेब्रुवारीत हॉल आणि बेडरूममध्ये टाइल्सवरच ५ मिमीचं एसपीसी (दगडाची पूड आणि प्लॅस्टिकच्या कडक फळ्या, कडा एकमेकींत क्लिक करून अडकवतात) टाकून घेतलं, खाली १.५ मिमीचा फोम चिकटवलेला येतो तेच. मी अजून एक जाड फोम घाला म्हणत होते, दुकानदार नको म्हणाला, खाली फार मऊ झालं की चालताना फळ्या दबतात आणि क्लिकचे लॉक तुटतात. दरवाजे तेवढे खालून तासावे लागले.

हॉलचा फरक काकांनीच पहिल्या आठवड्यात सांगितला. बेडरूममध्ये मात्र साधी वाटी पडली तरी खाली तसंच ठण्ण! काही कळेना. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीजवळ फळ्या जॉइंटला उचलल्या, पाय पडला की टक्क, म्हणून स्कर्टिंग काढून बघितलं तर भिंत आणि फळीमधली ८-१० मिमीची गॅप मिस्त्रीने व्हाइट सिमेंटने गच्च भरून टाकलेली, का तर फिनिशिंग छान दिसतं. म्हणजे फळीला उन्हात फुगायला जागा नाही, आणि हादरा फोमला वळसा घालून सरळ भिंतीत आणि तिथून काकांच्या घरात. डिसमिसने (आम्ही बडोदेकर स्क्रूड्रायव्हरला तेच म्हणतो) दोन दिवस टोकरत बसलो, स्कर्टिंग फक्त भिंतीला ठोकलं, फळीवर टेकू दिलं नाही. टक्क गेलं आणि ठण्ण पण गेलं.

टीव्ही, भांडणं, कुकरची शिट्टी यात काडीचा फरक नाही हां, हवेतून जाणारा आवाज स्लॅबच्या वजनाने अडतो, दीड मिमी फोम काय करणार. वरच्यांची खुडबुडही तशीच, कारण तो इलाज त्यांच्या जमिनीला करायला हवा. आणि आपल्याच खोलीत पावलं जराशी पोकळ वाजतात, टाइलवर असं नव्हतं. गालिचा याहून शांत, पण आमच्याकडची धूळ बघता कोण झटकत बसणार.

डायनिंगच्या खुर्च्यांना फेल्टचे तुकडे मात्र आधीच लावायला हवे होते, किरकोळ पैशात निम्मी कटकट मिटली असती. किचन टाइलचंच ठेवलंय, पाणी सांडतं. आईच्या खलबत्त्याखाली जुना टॉवेल चौपदरी करून ठेवतो.