दादाच्या गुडघ्याची किंमत

तो माणूस अपघातानंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डात आला. हातात दोन शहाळी, काखेत फाईल. वहिनी म्हणाली, ओळखीचा असेल कुणीतरी. त्याला दादाचं नाव माहीत होतं, टेम्पोचा नंबर माहीत होता, गुन्हा कोणत्या पोलीस ठाण्यात नोंदला तेही माहीत होतं. ही सगळी माहिती त्याला कुणी दिली, हे त्या वेळी मला विचारायला सुचलं नाही. आज कुणाच्याही बाबतीत हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. कराडजवळ पुणे-बेंगलुरू महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर उलट दिशेनं आलेल्या टेम्पोनं दादाच्या मोटरसायकलला धडक दिली. उजव्या गुडघ्याखालचं हाड, अगदी सांध्यापाशीच, फुटलं. प्लेट आणि सात स्क्रू बसवले. दादा तेव्हा ३८ वर्षांचा. तो टाईल्स बसवतो. आमच्या भागातल्या निम्म्या बंगल्यांच्या फरशा त्याच्या हातच्या आहेत. महिन्याला वीस-बावीस हजार सहज सुटायचे, पण सगळं रोखीत. ना पगारपत्रक, ना इन्कम टॅक्सचं रिटर्न.

मी त्याचा धाकटा भाऊ. एका आडत दुकानात हिशेब लिहितो. म्हणून दवाखान्याची, पोलिसांची, सगळी कागदपत्रं घरच्यांनी माझ्याकडं सोपवली. पुढं जे झालं त्यात माझी सही आहे, म्हणून हे लिहितोय.

त्या माणसाचं बोलणं गोड होतं. "एक रुपया द्यायचा नाही. क्लेम आम्ही टाकतो, वकील आमचा, डॉक्टरचा दाखला आमचा. पैसे आले की तीस टक्के आमचे, बाकी तुमचे." तोवर ऑपरेशनला दीड लाख गेले होते आणि वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. असं वाटलं, देवच आला. दादाच्या सह्या घेतल्या: वकीलपत्रावर, तीन कोऱ्या कागदांवर, शंभराच्या एका स्टॅम्पवर. दादाच्या बँकेचे दोन चेक सही करून घेतले, "ऑफिसच्या प्रोसेससाठी" म्हणून. बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, सगळं मूळ घेऊन गेला. आम्ही झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही.

इथं एक सांगायलाच हवं. वकिलानं निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसत नाही. दवाखान्यात माणसं पाठवून केस गोळा करणंही बसत नाही. म्हणजे खाटेपाशी येऊन "तीस टक्के" म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात नियम मोडत असतो. एवढं जरी आम्हाला माहीत असतं तरी त्याला तिथूनच वाटेला लावलं असतं.

मग सुरू झाली घाई. "कायदा बदललाय, सहा महिन्यांत केस केली नाही तर हक्क जातो." यातलं निम्मं खरं आहे, म्हणून ते इतकं पटतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत दाखल करायची मुदत आली. पण ती मुदत दावा दाखल करायची आहे. तडजोड करायला कसलीही मुदत नाही. दावा दाखल करून ठेवावा, उपचार पूर्ण होऊ द्यावेत, हाड नीट जुळू द्यावं, गुडघा किती वाकतो ते कळू द्यावं आणि मगच रकमेचं बोलावं. आम्हाला दोन्ही मुदती एकच असल्यासारखं भासवलं गेलं. दादा अजून दोन कुबड्यांवर होता, तोवर तडजोडीची भाषा सुरू झालीसुद्धा.

दाखला आला: उजव्या पायाला ३२ टक्के कायमचं अपंगत्व. त्याच माणसाचा फोन आला, "३२ म्हणजे फक्त पायाचे हो. अख्ख्या शरीराचे धरले तर दहा-अकरा. त्यात हेल्मेट नव्हतं. टेम्पोची विमा कंपनी सव्वातीन लाखांवर यायला तयार आहे, नाही म्हणालात तर दहा वर्षं कोर्टात घाला."

सव्वातीन लाख कुठून आले, हे मी विचारलं नाही. दुकानात तुरीच्या कट्ट्यामागं दोन रुपये कमी आले तरी मी पट्टी पुन्हा पुन्हा तपासतो. भावाच्या पायाच्या रकमेची मात्र बेरीज मागितली नाही. घरात पैशाची तंगी होती, आणि कोर्टाचं नाव काढलं की आमच्या घरात सगळे गप्प होतात.

सप्टेंबर २०२३ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड झाली. वकिलांची आणि दादाची पहिली भेट त्या दिवशी, जिन्यात. त्यांनी एवढंच सांगितलं, "साहेबांनी विचारलं तर हो म्हणायचं, जास्त बोलायचं नाही." पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी त्यांचं काम केलं. नीट मराठीत विचारलं, रक्कम मान्य आहे का, कुणाचा दबाव आहे का? दादा कुबडी भिंतीला टेकवून उभा राहिला आणि हो म्हणाला. मी मागंच उभा होतो.

पैसे दादाच्या खात्यावर जमा झाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या दोन चेकांनी निघूनही गेले. एक ९७,५०० चा, टक्केवारीचा. दुसरा ४०,००० चा, "डॉक्टर, साक्षीदार आणि ऑफिस खर्च". हातात राहिले १,८७,५००. दवाखान्याची आमची बिलं २,३८,००० ची होती. म्हणजे पाय गेला, नऊ महिन्यांचं काम गेलं, आणि दवाखान्याचा खर्चसुद्धा निघाला नाही.

तरीही आम्ही गप्पच होतो. नशीब म्हणून सोडून दिलं होतं.

डोळे उघडले ते २०२४ मध्ये. प्लेटच्या जागी दुखायला लागलं, ती काढावी लागेल, साठ हजार खर्च, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या माणसाला फोन केला. त्यानं उचलला नाही, नंतर नंबरच बंद. तेव्हा मी कोर्टात जाऊन नकलेसाठी अर्ज केला. सही-शिक्क्याची नक्कल हातात आली आणि कॅन्टीनच्या बाकावर बसून वाचली. दाव्यात लिहिलं होतं: व्यवसाय, मजुरी. उत्पन्न, दरमहा ८,०००. वय, ४२. फिजिओथेरपीचा उल्लेख नाही. पुढच्या ऑपरेशनचा उल्लेख नाही. एकूण मागणीच पाच लाखांची. आणि शेवटी तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात दिलेलं लेखी निवेदन: आता आमची कोणतीही तक्रार शिल्लक नाही. खाली दादाची सही, बहुतेक त्या कोऱ्या कागदांपैकीच एकावरची.

त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पाटीवर माझी नजर गेली. तिथल्या वकील मॅडमनी पुढच्या सोमवारी दादाला घेऊन या म्हणून सांगितलं. त्यांनी आधी कागद बघितलेच नाहीत. दादाला म्हणाल्या, "दादा, फरशी बसवताना कसं बसता, जरा दाखवा."

दादानं टेबलाचा कोपरा धरला. डावा पाय वाकला. उजवा अर्ध्यावर अडकला, टाच जमिनीवरून सुटली, आणि तो कुशीवर कलंडायला लागला तसं मी त्याला धरलं. फरशीचं काम दिवसभर उकिडवं बसून चालतं. दोरी ताणायची, लेव्हल बघायची, रबरी हातोड्यानं ठोकत ठोकत मागं सरकायचं. एकोणीस वर्षं त्यानं हेच केलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "दाखल्यावरचे टक्के पायाचे आहेत. कमाईचे टक्के वेगळे काढायचे असतात." सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच समजावून सांगितलंय. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार कामातून शंभर टक्के उठू शकतो. तोच हात कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी टिकूही शकते. म्हणजे कंपनी "३२ चे ११" म्हणते तेव्हा ते नेहमीच खोटं असतं असंही नाही. माझाच गुडघा गेला असता तर खुर्चीत बसून लिहिणाऱ्याचे टक्के कमी लागले असते, आणि ते रास्तच. पण दादाच्या बाबतीत हिशेब उलटा होता, आणि तो कुणी मांडलाच नाही.

मग त्यांनी माझ्याच वहीत आकडे मांडले. ही रीत प्रत्येक घरात माहीत असायला हवी, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उत्पन्न. रोखीनं कमावणाऱ्याला पुरावा नाही म्हणून शून्य धरत नाहीत. पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात, सय्यद सादिक यांच्या २०१४ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं कागद नसतानाही महिना ६,५०० धरले आणि कमाईची क्षमता ८५ टक्के गेली असं मानलं. दादाचे बावीस हजार सिद्ध होतीलच असं नाही, म्हणून मॅडमनी हात राखून १५,००० धरले. वर्षाचे १,८०,०००. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला असेल तर पुढं वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवतात. हा आकडा प्रणय सेठी प्रकरणातला, २०१७ चा. झाले २,५२,०००. त्याला वयाप्रमाणे मल्टिप्लायर लागतो, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीनं गुणायचं तो आकडा. सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये त्याचा तक्ता घालून दिलाय: ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, असा तो उतरत जातो. दादाला १५. गुणाकार ३७,८०,०००. आता याचे टक्के काढायचे.

कमाई निम्मी गेली असं धरलं तर १८,९०,०००. दाखल्यावरचे ३२ टक्केच धरले तरी १२,०९,६००. आणि कंपनी म्हणते ते ११ टक्के धरले, तरीसुद्धा ४,१५,८००. यात दवाखान्याचे २,३८,००० मिळवा. घरी बसून काढलेल्या नऊ महिन्यांचे १,३५,००० मिळवा. सगळ्यांत कंजूस हिशेबानंही ७,८८,८०० होतात. प्लेट काढायचा खर्च, सोसलेल्या वेदना, आयुष्यभराची गैरसोय यांचे पैसे वेगळे, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज वेगळं. मृत्यूच्या दाव्यात मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते, जखमीच्या दाव्यात ती होत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

ही खात्रीची रक्कम समजू नका, मॅडमनी दोनदा बजावलं. अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण उत्पन्न कमी धरू शकतं, आमची थोडी चूक काढून काही रक्कम कापू शकतं. हेल्मेट नसण्यावरून कंपनी वाद घालतेच. पण उलट दिशेनं टेम्पो आला होता, हे फिर्यादीत आणि पंचनाम्यात स्वच्छ आहे. आणि वय ३८ चं ४२ केलं तेव्हा एका ओळीत दोन घाव बसले: मल्टिप्लायर १५ चा १४ झाला आणि ४० टक्क्यांची वाढ २५ वर आली. ही चूक मुद्दाम केली की निष्काळजीपणानं, मला सिद्ध करता येणार नाही. आधार कार्ड मात्र त्यांच्या फाईलमध्ये होतं.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल तर निदान हे करा. प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी, फिजिओची पावती, रिक्षाचं भाडंसुद्धा जपून ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात पोच घेतल्याशिवाय देऊ नका. कामाचा पुरावा गोळा करा. ज्यांच्या घरी काम केलं त्यांची लेखी चिठ्ठी, दुकानदाराची वही, साईटवरचे फोटो, मोबाईलवर आलेले पैसे, काहीही चालतं. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात जिथं झाला तिथंच खेटे घालायची गरज नाही. दाखल होण्याआधी दावा मराठीत वाचून घ्या. वय, व्यवसाय, उत्पन्न या तीन ओळींवर बोट ठेवून वाचा. तडजोडीचा आकडा कुणी सांगितला तर त्याची फोड कागदावर मागा. जो फोड देत नाही त्याच्यासमोर सही करू नका. कोरा चेक तर कुणालाही देऊ नका. विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा ही पाटी तिथून रिक्षानं वीस रुपयांवर होती.

लोकअदालत वाईट नाही, हेही लिहितो. नीट हिशेब करून गेलात तर वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. फसवून संमती घेतली असं म्हणायचं असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि ती वाट अवघड आहे असं मॅडमनी तोंडावर सांगितलं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळं निदान मुंबईच्या फेऱ्या नाहीत. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं तक्रार टाकलीय. चेकच्या नोंदींसह पोलिसांत अर्ज दिलाय.

रिटचं प्रतिज्ञापत्र टाईप होऊन आलं तेव्हा दादानं ते स्वतः वाचायला घेतलं. रकमांच्या पानावर तो फारसा थांबला नाही. पहिल्याच पानावर "मजुरी" शब्द जुन्या दाव्यावरून तसाच उतरला होता. त्यानं पेन मागून घेतलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं: टाईल्स कारीगर, अनुभव १९ वर्षे.