एजंट न लावता फ्लॅट विकला: साडेपाच महिन्यांचा अनुभव

आधी आकडे सांगते, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. पुण्यात सिंहगड रोडवरचा आमचा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये साडेनऊ लाखांना घेतला होता, मार्च २०२५ मध्ये ६८ लाखांना गेला. ओळखीच्या एजंटाने दोन टक्के आणि वर जीएसटी सांगितला होता, म्हणजे १,६०,४८० रुपये. आमचा खर्च: घरविक्रीच्या पोर्टलचं तीन महिन्यांचं पॅकेज ४,७००, फ्लेक्सचा बोर्ड ६५०, वकील १८,०००. पंचवीस हजारांच्या आत सगळं आटोपलं, सोसायटीच्या हस्तांतरणाचे पैसे सोडून.

वाचले की नाही पैसे? वाचले. पण हे ऐकून आमच्या नणंदेने लगेच स्वतःचा फ्लॅट पोर्टलवर टाकला आणि आठव्या दिवशी फोन बंद करून ठेवला, म्हणून सविस्तर लिहितेय.

पोर्टलपासून सुरुवात. दसरा झाल्यावर जाहिरात टाकली, 'थेट मालकाकडून' असं ठळक लिहून. अर्ध्या तासात अकरा फोन आले आणि अकराही एजंटांचे. काही जण सरळ सांगायचे, बरेचसे 'माझ्या भावाला घर बघायचंय' म्हणून सुरुवात करायचे आणि तिसऱ्या वाक्याला कमिशनवर यायचे. मुलाच्या उरलेल्या दोनशेपानी वहीत मी प्रत्येक फोन लिहून ठेवत होते. तीन महिन्यांत १४३ फोन, त्यातले ९६ एजंट. एकाने तर आमचेच फोटो उचलून, ४ लाख वाढवून, स्वतःच्या नावाने दुसरी जाहिरात टाकली. ती काढून घ्यायला पोर्टलच्या मदत केंद्राशी नऊ ईमेल झाल्या. आणि एक 'आर्मीतले साहेब' होते, पोस्टिंग जम्मूला, घर न बघताच पसंत, टोकन लगेच पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही एवढं माहीत होतं म्हणून वाचलो. नवरा मात्र 'बिचारा फौजी' म्हणत चष्मा शोधत होता.

किंमत ठरवायला मात्र पोर्टल भलतंच दिशाभूल करतं. तिथे आमच्या गल्लीतले फ्लॅट ७८-८० ला लागलेले बघून आम्हीही ७८ लावले. दीड महिना कोणी फिरकलं नाही. मग भाच्याने नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च दाखवलं. फुकट आहे. वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सारांश, दिसतात, त्यात मोबदला किती आणि शासनाच्या हिशेबाने बाजारमूल्य किती, दोन्ही. कॅप्चा चुकून चुकून वैताग येतो, पण रात्री जेवणं झाल्यावर बसलो आणि आमच्याच रांगेतल्या इमारतींचे तीन व्यवहार सापडले, ६४ ते ६९ च्या मधले. पोर्टलवर लोक मागतात ते आकडे असतात, इथे दिलेले. (थोडा भाग रोखीत गेला असेल तर तो इथे दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा.) त्या रात्री आम्ही ७२ वर आलो, आणि मनात ६७ ठेवले.

दुसरी गोष्ट कार्पेटची. आमच्या जुन्या जाहिरातीत ८०० चौरस फूट होते, ते सगळं 'सेलेबल', म्हणजे जिन्याचा वाटाही धरून. आताचा घेणारा पहिला प्रश्न कार्पेटचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा, विचारतो. मग टेप घेऊन दोघं जमिनीवर बसलो, ५७६ आले. वीस वर्षं ज्याला आठशेचा फ्लॅट म्हणत आलो तो ५७६ निघाल्यावर नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण जाहिरातीत कार्पेटच लिहा. येऊन, भिंती बघून, मनातल्या मनात मापं काढून निघून जाणारे लोक त्याने कमी होतात.

आता खरी गोष्ट. एजंटाची आठवण मला कागदपत्रांत आली नाही, ती आली चहाच्या वेळी. बघायला तेवीस कुटुंबं आली. आमच्याकडे आलेल्याला चहा न देता पाठवणं जमत नाही, आणि चहा दिला की नवऱ्याला भाव धरून बसणं जमत नाही. एक जोडपं आलं, बाई सात महिन्यांची गरोदर. जिने चढून दमलेली. यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, बाकरवडी आणली. त्या मुलाने विचारलं, "काका, शेवटचं किती?" मी स्वयंपाकघरातून डोळे मोठे करतेय, आणि हे म्हणतात, "तुमच्यासाठी बघू की, एक-दोन लाख इकडेतिकडे." संपलं. तिथून आमचा भाव ७० झाला आणि ते जोडपं शेवटी लिफ्टवालं घर घेऊन मोकळं झालं. एजंट असता तर मालक आत बसले असते आणि 'मालकांशी बोलून सांगतो' हे वाक्य त्याच्या तोंडी असतं. ते एक वाक्य दोन टक्क्यांतलं किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर आम्ही नियम केला: भाव मी बोलणार, आणि तोही फोनवर, दुसऱ्या दिवशी. 'घरात बोलून सांगते' हे आपलं आपल्यालाही म्हणता येतं.

रोखीवाले दोघे भेटले. एकाने सत्तर कबूल केले, पण त्यातले आठ लाख रोख. मोह झाला, खोटं कशाला बोलू. वकील बाईंनी एका वाक्यात उतरवला: घराच्या व्यवहारात वीस हजारांपासून पुढे रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड.

घेणारे शेवटी पोर्टलवरून आलेच नाहीत. गॅलरीला साडेसहाशेचा पिवळा फ्लेक्स लावला होता: 'फ्लॅट विकणे आहे, मालकाशी थेट संपर्क', खाली माझा नंबर. समोरच्या इमारतीत भाड्याने राहणारी मुलगी रोज सकाळी लेकाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायला तिथेच उभी राहायची. तीन आठवडे बोर्ड वाचत होती म्हणे. डिसेंबरच्या शेवटी आली, एकटीच. पाणी किती वेळ येतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं, पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल येते का, असे प्रश्न. तिला या गल्लीचं सगळं माहीत होतं, तिला गल्ली विकायला लागली नाही. ६८ वर ठरलं, पण तिच्या सासूबाई म्हणाल्या पौषात टोकन नको. पूर्ण जानेवारी मी धाकधुकीत काढला, कारण तोंडी शब्दाला कुठलाच आधार नसतो. वसंत पंचमीला, २ फेब्रुवारीला, एक लाख बँकेतून आले आणि विसार पावती झाली.

इथून पुढे वकील. ती आधीच लावा, घेणारा ठरल्यावर नव्हे. तिने पहिल्याच दिवशी मागितलं ते आमच्याकडे नव्हतं: २००४ च्या करारनाम्याच्या नोंदणीची मूळ पावती. करार होता, इंडेक्स टू होता, कर्ज फिटल्यावरचं बँकेचं पत्र होतं, पावती नाही. घेणाऱ्याची बँक तिच्याशिवाय कर्ज द्यायला तयार नाही. हरवली असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, असा महिनाभराचा व्याप. दोन दिवस कपाटं उपसली. सापडली कुठे, तर सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या फाइलमध्ये, चष्म्याच्या नंबराच्या कागदाला टाचलेली. शाई इतकी फिकी की खिडकीशी धरून वाचावी लागली. तुमची पावती आज संध्याकाळी शोधा, घर विकायचं नसलं तरी.

सोसायटीबद्दल थोडक्यात. आदर्श उपविधींप्रमाणे विकायला ना हरकत लागत नाही, पण बँक मागते, त्यामुळे लागतेच. कमिटीने हस्तांतरणाचे ५०,००० मागितले, 'विकास निधी' नावाने. शासनाचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे, महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,०००. मी भांडले नाही. परिपत्रकाची प्रत अर्जाला जोडली आणि सेक्रेटरींच्या हातात दिली. "वहिनी, तुम्ही पण ना," म्हणाले, आणि २५,००० ची पावती फाडली.

मुद्रांक शुल्क घेणाऱ्याचं, पण त्याचा परिणाम आपल्या मसुद्यावर होतो. पुण्यात सात टक्के, आणि खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नवरा-बायको दोघांची नावं आली की सवलत गेली. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, नोंदणीच्या आठवड्यात आमच्या वकील बाई बोलता बोलता बोलून गेल्या. ६८ हजार वाचतात म्हटल्यावर मसुदा बदलला, बँकेने नवऱ्याला नुसतं सहकर्जदार ठेवलं. टीडीएसचंही काम हलकं झालं: पन्नास लाख किंवा त्यापुढच्या व्यवहारावर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि तेव्हा प्रत्येक विकणारा-घेणारा जोडीमागे वेगळा फॉर्म लागायचा. आम्ही दोघं विकणारे, ते दोघं घेणारे, म्हणजे चार फॉर्म झाले असते, ते दोनवर आले. आणि तुमचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बघा. नसेल तर एकाच्या जागी वीस टक्के कापावे लागतात, आणि कमी कापले तर नोटीस बिचाऱ्या घेणाऱ्याला जाते.

नोंदणी १३ मार्चला. पुण्यात हवेली तालुक्याच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात करता येत होती, पण मार्च महिना, एक एप्रिलला रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांकासाठीचा सरकारी दर, वाढणार अशी हवा (वाढलाच), त्यामुळे सगळं पुणे तिथेच. अकराचा नंबर साडेचारला लागला. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. नवऱ्याचा अंगठा मशीन घेईना, पुसून, फुंकर मारून, पाचव्या वेळी घेतला.

आणि मग ते अकरा दिवस. दस्त नोंदला गेलाय, कागदावर घर त्यांचं, आणि कर्जाचे ५४ लाख बँकेतून यायचे आहेत. वकील बाईंनी कलम घातलं होतं की पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याखेरीज ताबा नाही, चावी माझ्या पर्समध्येच. तरी रात्री दोनला उठून बँकेचं ॲप बघायचं माझं व्यसन झालं होतं. ती मुलगी रोज फोन करून सांगायची, "काकू, आज सही झाली, उद्या चेक निघेल." एजंटाने ठेवणीतलं 'होऊन जाईल' ऐकवलं असतं, तिने रोज खरं काय ते सांगितलं, ते मला बरं वाटलं. २४ मार्चला पैसे आले, त्याच संध्याकाळी चावी दिली. पाडव्याला समोरून गेलो तर गॅलरीत गुढी होती.

विक्रीच्या नफ्यावरच्या कराचं सीएला विचारा, पण माझा हिशेब सांगते: जुन्या पद्धतीने महागाई धरून वीस टक्के म्हणजे साधारण साडेसात लाख, नव्या साडेबारा टक्क्यांनी सात लाख एकतीस हजार. वीस वर्षांपूर्वीच्या घराला दोन्ही जवळपास सारखेच पडले. आम्ही दुसरं घर घेतलं म्हणून भरावा लागला नाही.

पोर्टलला पाचपैकी दोन, दोन्ही फोटो नीट दिसतात म्हणून. ई-सर्चला चार, कॅप्चाचा एक कापला. वकील बाईंना पाच. पोर्टलवरची जाहिरात मी जानेवारीतच काढली, तरी परवासुद्धा फोन आला, "मॅडम, फ्लॅट ॲव्हेलेबल आहे ना?"

फ्लेक्स नणंदेला दिला. तिने माझ्या नंबरावर कागद चिकटवून स्वतःचा लिहिलाय, आणि सध्या तो वारज्यात तिच्या गॅलरीला आहे.