जुन्या वळणाच्या डायव्हर घड्याळाला काच कुठली: घुमटदार ॲक्रिलिक की सफायर?

सुटे भाग जमवून जुन्या वळणाचं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या रचनेचं घड्याळ, घरी जोडायचं असतं. केस, म्हणजे बाहेरचा धातूचा डबा, ठरलेली असते. आत सेइकोचं एनएच३५ किंवा बिनतारखेचं एनएच३८ मशीन (घड्याळ चालवणारी यंत्रणा) घालायचं असतं. डायल कोरी घेतलेली असते, आणि ती कोरीच घ्यावी. दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेली डायल घेतली की छंद संपून बनावट माल सुरू होतो. एवढं झाल्यावर बहुतेक जण काचेपाशी अडतात: ॲक्रिलिक म्हणजे पारदर्शक प्लास्टिक घ्यावं, की सफायर म्हणजे कृत्रिम नीलमण्याची कठीण काच? दोन्ही काचा बसवून आणि वापरून झालेलं माझं मत खाली देतोय. मोजमाप मी केलेलं नाही, डोळ्यांना आणि हाताला जे जाणवलं तेच लिहिलंय.

आधी पाण्याची शंका मिटवू. रोलेक्स ५५१३ ॲक्रिलिक काचेवरच २०० मीटरची होती, आणि सी-ड्वेलर १६६५ तर जाड ॲक्रिलिकवर ६१० मीटरची. या रचनेत काच केसच्या उभ्या गळ्यावर बाहेरून बसते आणि वरून स्टीलची रिंग दाबून तिला आवळते. पण गुण इथे रचनेचा आहे. रिंग नसलेली, पंजाच्या हत्याराने आकसून बसवलेली साधी काच हात धुण्यापुरती ठीक. म्हणून केस मागवताना काच रिंगेने आवळली जाते की नाही, हे विचारून घ्या.

सफायरचा मोठा गुण सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्याने किंवा पिंपळगाव-दिंडोरीकडे द्राक्षबागेत मांडवाच्या तारांखाली दिवस काढणाऱ्याने तीच घ्यावी. बागायतदाराला तर आणखी एक कारण आहे. फवारणीच्या ईसी (पाण्यात मिसळायच्या तेलकट) औषधांमध्ये झायलीनसारखी द्रावकं असतात आणि ती ॲक्रिलिकला खातात. काच आधी धुरकट होते, मग कडेपासून केसाएवढ्या बारीक भेगा धरते. अशा काचेला पॉलिश वाचवू शकत नाही.

एवढं असूनही माझा कौल सफायरकडे गेला नाही, आणि त्याचं कारण तिची दुधी कडा. घुमटदार सफायरची बाजूची भिंत आणि खालचा उतार बहुतेक वेळा नुसता घासलेला असतो, पॉलिश केलेला नसतो. जुन्या वळणाच्या घड्याळात काच बेझलच्या (काचेभोवतीच्या फिरत्या रिंगेच्या) वर दीड-दोन मिमी उठून दिसायला हवी, आणि नेमका त्याच उघड्या भिंतीतून प्रकाश शिरून विखुरतो. समोरून पाहिलं तर काही कळत नाही. मनगट जरा कललं की काळ्या डायलभोवती ताकाच्या रंगाचं कडं उमटतं आणि मिनिटांच्या खुणा त्याखाली दबतात. उन्हात ते जास्तच खुपतं. काच आणि केसमधल्या फटीत बसणाऱ्या पांढऱ्या नायलॉन गॅस्केटने त्यात भर पडते. काळं गॅस्केट घातलं, डायलभोवतीची आतली रिंग काळी केली, तर बराच फरक पडतो, पण कडं पूर्ण जात नाही. काही विक्रेते भिंतही पॉलिश केलेली काच देतात. मिळाली तर जरूर घ्या, मात्र फोटो तिरका मागा. समोरून काढलेल्या फोटोत प्रत्येक सफायर निर्दोष दिसते. ॲक्रिलिकची कडा याउलट स्वच्छ असते. तिच्यातून खुणा वाकतात, पसरतात, पण झाकल्या जात नाहीत, आणि जुन्या डायव्हरचं देखणेपण मला तरी त्या वाकण्यातच दिसतं.

दुसरी गोष्ट चमकेची. सफायरचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) १.७७ आणि ॲक्रिलिकचा १.४९, म्हणून सफायरच्या दोन्ही पृष्ठांवरून मिळून सुमारे १५ टक्के प्रकाश परततो, ॲक्रिलिकच्या ७-८ टक्के. त्यावर उपाय म्हणून आतून एआर, म्हणजे चमक कमी करणारा, लेप देतात. निळी झाक असलेला लेप सोनेरी छपाईच्या डायलवर आणि सायीच्या रंगाच्या ल्यूमवर (अंधारात चमकणाऱ्या लेपावर) थंड पडतो. लेप हवाच असेल तर रंगहीन मागा.

ॲक्रिलिकचा त्रास जोडणी करताना सुरू होतो. आतली फिल्म सोलली की काचेवर स्थिर वीज येते आणि खोलीतला प्रत्येक धागा तिला चिकटतो. नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात हे फार होतं. फिल्म अगदी शेवटच्या क्षणी सोलायची, काच कापडाने घासायची नाही, रबरी ब्लोअरने फुंकायचं आणि उरलेला कण रोडिकोने (घड्याळजींच्या चिकट पुट्टीने) टिपायचा. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर यांपासून काच लांब ठेवा, कारण रिंगेने आवळलेल्या ॲक्रिलिकला स्पिरिटनेही भेगा जातात. ओरखडे उठणारच. बेझलवर मास्किंग टेप लावायची, पॉलीवॉच (ॲक्रिलिकचं पॉलिश) किंवा साधी पांढरी टूथपेस्ट कापसावर घ्यायची आणि ओरखड्याला आडवं तीन-चार मिनिटं घासायचं. खोल ओरखडा आधी २००० आणि मग ३००० नंबरच्या पाणपेपरने काढायचा. ड्रिलला फेल्ट लावून घाई करू नका, उष्णतेने काच लाटेसारखी होते.

पावसाळ्यात जोडणी केली की दमट हवा केसमध्ये बंद होते आणि डिसेंबरात निफाडच्या थंडीत पहाटे गाडीवर काचेच्या आत वाफ धरते. सफायर उष्णता झटकन सोडते, त्यामुळे तिच्यावर ही वाफ थोडी लवकर दिसते. ॲक्रिलिकमधून मात्र वर्षानुवर्षांत ओलावा अगदी हळू झिरपू शकतो, तेव्हा या मुद्द्यावर दोघी बरोबरीत. बंद करण्याआधी उघडी केस आणि मशीन सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पहिली चाचणी मशीनशिवाय करा: केसमध्ये टिश्यू पेपर, चावी घट्ट, रात्रभर बादलीत. जोडणी झाल्यावर घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब टाका, मिनिटभराने पुसा. आत धुकं राहिलं असेल तर ओलावा आहे, उघडून पुन्हा वाळवा.

बसवताना सफायरला नायलॉन गॅस्केट लागतं. काच जरा तिरकी गेली तर गॅस्केटचा बारीक तंतू वर निघतो. तसं झालं की गॅस्केट बदलायचंच, आणि काचेची कड उडाली असेल तर काचही. तो चुरा मशीनमध्ये गेला तर सफाईशिवाय इलाज नाही. आत ताणरिंग (कडेला आतून ताणून धरणारी धातूची रिंग) असलेली ॲक्रिलिक केसच्या भोकापेक्षा ०.१ मिमी मोठी घ्या, आणि एकाऐवजी दोन मागवा, कारण महाग पडते ती कुरियरची वाट. एचएमटीच्या काळापासून घड्याळं दुरुस्त करणारे नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा भागातले जुने कारागीर ॲक्रिलिक सराईतपणे बसवतात. सफायरसाठी नायलॉनच्या डाय (काच दाबून बसवायचे साचे) आहेत का, ते आधी विचारा.

बाहेरच्या रिंगेची काच घरी बसवायची असेल तर प्रेससोबतच्या डाय सहसा जुळत नाहीत. त्या घुमटाच्या मध्यावर टेकतात आणि काच तडकते. सातपूरच्या एखाद्या लेथवाल्याकडून डेलरिनची (कठीण प्लास्टिकची) डाय करून घ्या. आतलं भोक काचेच्या बाहेरच्या व्यासापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी मोठं, खोली घुमटाच्या उंचीपेक्षा २ मिमी जास्त, आणि भिंत रिंगेच्या रुंदीएवढीच, म्हणजे सगळा दाब रिंगेवर जाईल आणि काचेला डाय शिवणार नाही.