छापण्याआधी वाचणारं दुकान

मालवणच्या बाजारातून बंदराकडे उतरताना एका बोळात हे दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि चतुर्थीच्या आधी आरत्यांची पुस्तकं. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे आणि मालकांशी मला वाकडं नको. त्यांना सगळे आबा म्हणतात. दारात बारा महिने एक निळी स्कूटर उभी असते, तेवढी खूण पुरे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या भिंतीवर दर वर्षी तेच चेहरे: रामन, कलाम, मेरी क्युरी, कल्पना चावला. यंदा भूगोलाच्या तासाला आफ्रिका चालू असताना सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, थय नुसते हिरेच गावतत काय? शास्त्रज्ञ कोण नाय?" मला एकही नाव सांगता आलं नाही. घरी येऊन दोन रविवार वाचत बसले आणि एक नाव धरलं. डॉ. ओमोवुन्मी सादिक, रसायनशास्त्रज्ञ. जन्म १९६४, नायजेरियातलं लागोस. पानभर मजकूर मोबाइलवर टाइप केला, आबांना पाठवला आणि सांगितलं, "चार बाय तीनचा फ्लेक्स. छापायच्या आधी प्रूफ पाठवा."

प्रूफ आलं नाही. दोन दिवसांनी गेले तर फ्लेक्स छापून, गुंडाळी करून, रबर लावून तयार.

उलगडला. पहिली चूक अपेक्षेतली होती. आबा अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. मोबाइलवरचा युनिकोड मजकूर तिकडे नेला की जोडाक्षरं हमखास सांडतात. 'वुन्मी'तला अर्धा न गळून 'वुमी' झालं होतं, 'पर्यावरण'चा रफार भलत्याच अक्षरावर बसला होता. हे कुठल्याही छापखान्यात होतं, म्हणून तर प्रूफ मागायचं. दुसरी चूक मात्र मी आजवर पाहिली नव्हती. मी लिहिलं होतं, 'डॉ. सादिक २००५ साली प्राध्यापक झाल्या.' फ्लेक्सवर होतं, 'झाले.' 'गेल्या'चं 'गेले', 'शिकल्या'चं 'शिकले'. अख्ख्या पानावर एकही 'ल्या' उरला नव्हता. आणि वर कोपऱ्यात इंटरनेटवरून उचललेला चष्म्यातल्या कुणा गृहस्थाचा फोटो.

"आबा, हे काय?"

"बाई, तुमी सगळीकडे बाईमाणसासारख्या लिवलेलात. माका वाटला मोबाइलान चुकी केल्यान. मी ता सरळ केलंय."

"पण ती बाईच आहे!"

"सादिक? सादिक म्हंजे बापयो ना?"

आता यावर काय बोलायचं? दुसऱ्या कुठल्या दुकानात मजकूर आला तसा चिकटवून, छापून हातात दिला असता. इथे माणसाने ओळ न् ओळ वाचली आणि वाचली म्हणूनच चुकवली. २४० रुपयांचा फ्लेक्स वाया. पैसे त्यांनी मागितले नाहीत, हे नोंदवते. पण विज्ञान दिन चार दिवसांवर होता आणि मी चिडले होते, हेही नोंदवते.

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "आता तुमीच सांगा, ही बाय कोण ती." मी सांगत गेले, ते कोरल ड्रॉमध्ये दुरुस्त करत गेले. मधे मधे थांबून प्रश्न.

पहिला प्रश्न नावाचा. योरुबा भाषेत 'ओमो' म्हणजे मूल आणि ओमोवुन्मी म्हणजे 'मला मूल हवंहवंसं वाटतं'. हे मी सांगितलं आणि दोघंही क्षणभर गप्प बसलो. सातारा जिल्ह्यात मुलगी नको होती म्हणून 'नकुशी' नाव ठेवलेल्या पोरींची २०११ साली जिल्हा परिषदेने समारंभ करून नावं बदलली होती, ते मला आठवलं. आबांना काय आठवलं ते बोलले नाहीत. नावाचा अर्थ तक्त्यावर मोठ्या अक्षरांत टाकू, असं तेच म्हणाले. माझ्या मूळ मजकुरात तो नव्हताच.

मग प्रवास. १९८५ साली लागोस विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी, १९८७ला तिथूनच एम. एस्सी. त्यापुढे थेट ऑस्ट्रेलिया, सिडनीच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेलं वोलोंगाँग विद्यापीठ. तिथे १९९४ साली पीएच. डी. मग अमेरिका. आधी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेत संशोधन, १९९६पासून न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात, २००५ला तिथे पूर्ण प्राध्यापक, आणि २०१९ला न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रसायन आणि पर्यावरणशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून रुजू.

"खयसून खय गेली ही बाय!" आबा म्हणाले. "आमचो झील कुवेताक गेलो तर हिच्या काकीन आठ दिस जेवण सोडलेला." 'हिच्या काकीन' म्हणजे त्यांच्या पत्नीने. मी सांगितलं की ऐंशीच्या दशकात नायजेरियात तेलाचे भाव पडले, नायराची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत घसरली आणि विद्यापीठांतली शिकलेली माणसं बाहेर पडायला लागली. हे त्यांना चटकन कळलं. मालवणात ज्या घरचं कुणी मुंबईला किंवा आखातात नाही असं घर शोधावं लागेल.

खरी अडचण संशोधनाची होती. मी लिहिलं होतं, 'डॉ. सादिक यांनी जैवसंवेदकांच्या क्षेत्रात मोलाचं कार्य केलं.' आबांनी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजे काय केल्यान?"

अकरा वाजले होते. आबांना मधुमेह आहे. नाश्त्यानंतर दोन तासांनी साखर बघायची म्हणून त्यांनी खणातून ग्लुकोमीटर काढला. लॅमिनेशन मशिनच्या शेजारी जागा केली, बोट टोचलं, पट्टीच्या टोकाला रक्ताचा थेंब लावला. पाच सेकंदांत आकडा: १६८.

मी म्हटलं, "आबा, हाच जैवसंवेदक. तुमच्या हातात आहे."

त्या पट्टीवर एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, वाळवून बसवलेलं असतं. रक्तात शेकडो पदार्थ असतात, ते नेमकं साखरेलाच धरतं. त्या क्रियेत इलेक्ट्रॉन सुटतात, ते पट्टीवरच्या बारीक इलेक्ट्रोडमधून वाहतात, आणि त्या प्रवाहावरून मीटर आकडा काढतो. या कल्पनेचं मूळ १९६२ सालचं, लेलँड क्लार्क यांचं. सादिक यांनी साखरेच्या पलीकडच्या गोष्टींसाठी असे संवेदक घडवले: अमली पदार्थ, स्फोटकं, पाण्यातली आणि हवेतली घातक रसायनं. तीही अगदी किंचित असली तरी सापडावीत अशा बेताने. काही ठिकाणी एन्झाइमच्या जागी प्रतिपिंड वापरली, म्हणजे आपलं शरीर रोगजंतू ओळखायला बनवतं ती प्रथिनं. वेदना मोजता येईल का, यावरही त्यांचं काम आहे. हे ऐकून आबांनी कंबरेला हात लावला.

थोडं थांबून ते म्हणाले, "म्हंजे गरवल्यासारख्या. गरीक जा आमिष लावशात त्येकाच मासो लागतलो. आणि मासो पाण्यात दिसणा नाय, वयला बूच बुडता ता दिसता."

पंधरा वर्षं शिकवते आहे. इतकी नेमकी उपमा मला सुचली नव्हती. गरीवरचं आमिष म्हणजे एन्झाइम किंवा प्रतिपिंड, आणि दोरीवरचं बूच म्हणजे इलेक्ट्रोडमधला प्रवाह. 'जैवसंवेदकांच्या क्षेत्रात मोलाचं कार्य' ही ओळ तिथेच खोडली आणि तक्त्यावर गळ, बूच नि मासा काढायचं ठरवलं. फोटोच्या जागी आमच्या शाळेतल्या पोरीने काढलेलं रेखाचित्र.

एक प्रश्न राहिला होता. वोलोंगाँगला सादिक यांनी ही प्रतिपिंडं वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकमध्ये बसवून त्यांचे इलेक्ट्रोड केले होते. आबांनी फ्लेक्सचं टोक चिमटीत धरलं. "ह्येच्यातसून करंट जाता?" नाही जात. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, तेच तर वायरीवर शॉक बसू नये म्हणून चढवतात. पण काही पॉलिमर असे बनवता येतात की त्यातून वीज वाहते. या शोधासाठी २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आबांनी तीस वर्षं प्लास्टिक छापलं आहे. त्यांना हे पटायला दुसरा चहा लागला.

आणि तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. सादिक यांनी २०१२ साली बार्बरा कार्न यांच्याबरोबर एक संस्था उभी केली. नॅनो तंत्रज्ञान, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं तंत्र, पर्यावरणाला न दुखावता कसं वापरायचं, हा तिचा विषय. आणि त्या बाईंचा गौरव मी पीव्हीसीच्या फ्लेक्सवर करणार, जो गणपतीपर्यंत कुणाच्या तरी गटारात! आबांना म्हटलं, दुसरं काही आहे का? त्यांनी जाड कागदावर छापून, मागून कापड डकवून, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकून दिल्या. शाळेत जुने नकाशे असायचे ना, डस्टरच्या पेटीमागे गुंडाळून ठेवलेले, अगदी तसा तक्ता. ३५० रुपये. पट्ट्या सुताराकडून आणल्या त्याचे वेगळे घेतले नाहीत.

काम कसं झालं? छपाई स्वच्छ, काळा रंग खरोखर काळा, कापड कुठे फुगलेलं नाही. निळा थोडा जास्त गडद आला, त्यामुळे मासा बांगड्यापेक्षा पेडव्यासारखा दिसतो असं मुलांचं मत पडलं. खालच्या पट्टीचा एक खिळा बाहेर आला होता, तो मी घरी ठोकला. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिनेच विज्ञान दिनाला तक्त्यापाशी उभं राहून माहिती सांगितली. तिची आई बाजारात मासे विकते, ती टोपली ठेवून दहा मिनिटं येऊन ऐकून गेली.

जाणार असाल तर काही गोष्टी. घाई असेल तर जाऊ नका. बाजाराच्या दिवशी आणि लग्नसराईत तर मुळीच नाही. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर त्याची पीडीएफ सोबत न्या, म्हणजे काय उडालं ते जुळवून बघता येतं. प्रूफ तोंडी मागू नका. समोर बसा, सही केल्याशिवाय छापू नका म्हणा. विशेषनामं कागदावर हाताने सुटी सुटी लिहून द्या. व्यक्ती बाई आहे की पुरुष ते वर ठळक लिहा, हसू नका. ऑनलाइन मागवलं तर शंभरेक रुपये वाचतील आणि एकही अक्षर बदलणार नाही, पण 'मोलाचं कार्य' म्हणजे काय, हे कुणी विचारणार नाही. पाचपैकी चार तारे. एक कापला तो न पाठवलेल्या प्रूफचा.

चुकलेला फ्लेक्स आबांनी टाकला नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर झेरॉक्सला गेले तेव्हा दारातल्या निळ्या स्कूटरवर तोच पांघरलेला होता, छापील बाजू वर. पाणी निथळत होतं आणि सीटच्या जागी स्पष्ट वाचता येत होतं: 'डॉ. सादिक २००५ साली प्राध्यापक झाले.' 'ले'वर कुणीतरी मार्करने काट मारून शेजारी 'ल्या' लिहिलं होतं.