जुन्या पुस्तकांच्या दुकानातला ‘लढाई’ कप्पा

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून आत गेलेल्या एका बोळात हा गाळा आहे. पाटी नाही, बाहेर दोरीनं बांधलेले मासिकांचे गठ्ठे दिसले की तेच दुकान. आतल्या भिंतीवर खडूनं ‘लढाई’ असं लिहिलेला एक कप्पा आहे. पानिपत, सत्तावन्न, दुसरं महायुद्ध सगळं त्यात एकत्र कोंबलेलं. महायुद्धात परक्या राजवटीखाली अडकलेल्या माणसांच्या प्रेमकथा, म्हणजे सिंगापूर, रंगून, बेचाळीसची चळवळ, या खालच्या दोन फळ्यांवर. चांगला माल तिथंच आहे, पण वाकावं लागतं.

भाव छापील किमतीच्या निम्मा. महिन्याभरात परत आणून दिलंत तर दिलेल्या पैशातले साठ टक्के मिळतात, म्हणजे वाचनालयाच्या वर्गणीइतकंच पडतं. अट एकच, आत पेनानं काही लिहायचं नाही.

घेण्याआधी फर्मे मोजा. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून १, १७, ३३, ४९ अशा पानांवर बोट ठेवत जायचं. नेहमी सापडणारी चूक म्हणजे ११२ नंतर पुन्हा ९७. बांधणीत एक फर्मा दोनदा गेला की पुढचा हटकून गायब असतो, आणि अशा कादंबऱ्यांत नेमका तिथंच नायक कुणाच्या बाजूनं उभा राहिला ते असतं. दुकानदार यावर नुसतं ‘बघून घ्यायचं की’ म्हणतो. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या आतला सांधा उघडून कसर बघा. पान चिकटलेलं दिसलं तर ओढू नका, पुस्तक तिथंच ठेवा.

मजकूर तपासायला पाच मिनिटं पुरतात. सिंगापूरवरची कादंबरी असेल तर जपानी अंमलातलं एखादं पान काढा. १५ फेब्रुवारी १९४२ ला शहर पडलं आणि घड्याळं टोकियोच्या वेळेवर गेली, दीड तास पुढं. तिथं सूर्य आठाच्या सुमारास उगवायचा. लेखकानं नायिकेला सहाच्या कोवळ्या उन्हात उभं केलं असेल तर त्यानं नकाशापलीकडे काही बघितलेलं नाही. पैसेही बघा. मलायात जपान्यांनी डॉलरच्या नोटा काढल्या होत्या, दहाच्या नोटेवर केळीचं झाड होतं. घाईच्या अनुवादात त्यांचे सरसकट रुपये होतात. आपल्याकडची गोष्ट असेल तर भोकाचा पैसा १९४३ पासूनचा. ऑगस्ट ४२ च्या मिरवणुकीत तो कुणाच्या मुठीत दिसला तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही.

हे कीस काढणं वाटेल, पण निष्ठेचा पेच अशाच बारीक गोष्टींवर उभा राहतो. १७ फेब्रुवारीला सिंगापूरच्या फॅरर पार्क मैदानावर इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी सैनिकांना जपान्यांच्या हवाली केलं गेलं आणि तिथंच त्याच फौजेतल्या कॅप्टन मोहनसिंगांनी आझाद हिंद सेनेत येण्याचं आवाहन केलं. काही गेले, काही छावणीतच कैदी राहिले. एकाच पलटणीतले, एकाच ताटात जेवलेले. जी कादंबरी गेलेल्यांना शूर आणि राहिलेल्यांना लाचार ठरवून मोकळी होते, ती या कप्प्यात ढिगानं मिळते. घरी पगाराची मनीऑर्डर बंद पडेल म्हणून राहिलेला माणूस आणि मित्र गेला म्हणून गेलेला माणूस ज्यात दिसतो, अशी दोन-तीनच आहेत. त्यांचे कणे उसवलेत, यावरून काय ते समजा.

कोल्हापूरवरची पुस्तकं घेताना आणखी एक खूण. १९४३ मध्ये गादीवरचे छत्रपती अगदी लहान होते, कारभार रीजन्सीकडे, म्हणजे त्यांच्या वतीनं राज्य चालवणाऱ्यांकडे होता. ‘महाराजांनी रागानं हुकूम सोडला’ असं वाक्य आलं की समजायचं, काळ चुकला.

या कप्प्यात मिळत नाही ते कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते ४८ तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं सैबेरियाकडं हाकललेली, तिथून इराणमार्गे आलेली. त्यांच्या लेखी इंग्रज म्हणजे दोस्त, आणि छावणीबाहेरच्या, कोल्हापुरातल्या गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर राग काढणाऱ्या पोरांच्या लेखी वैरी. त्यातल्या दोघांचं जुळलं तर बोलायचं कशावर? पुढं त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. तिथं घाऊक कापड घ्यायला सगळे जातात, पुस्तक मागायला कुणी जात नाही.

तरी मागणी नोंदवून ठेवा. गल्ल्याजवळ दोनशे पानी वही आहे, विषय पेन्सिलीनं लिहून घेतात. शीर्षक माहीत नसलं तरी चालतं, साल आणि गाव सांगा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. पुस्तक आल्याचा फोन यायला सहा महिनेही लागतात, पण येतो.