इंडक्शन की इन्फ्रारेड? आधी घरातली भांडी पालथी घाला

विजेची शेगडी घ्यायला दुकानात जाण्याआधी फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि रोजच्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा. रत्नागिरीतल्या आमच्या घरी बिडाच्या तव्याला ते असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. ॲल्युमिनियमच्या मोदकपात्राला, पितळी पातेल्याला लागलंच नाही. स्टीलच्या पाच टोपांपैकी दोनच पास झाले.

इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याची गुंडाळी असते. तिच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचं लोखंडी बूडच तापतं. चुंबक न धरणारं भांडं ठेवलं तर शेगडी नुसती वाजत राहते. इन्फ्रारेडमध्ये आधी तार लाल होते, मग काच तापते, मग भांडं. बूड सपाट असलं की कुठलंही भांडं चालतं. वर जाळी ठेवून भाकरी नि सुका बांगडाही भाजता येतो. मात्र शेगडी बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते. घरात रांगतं मूल असेल तर मी इन्फ्रारेड घेऊच नका म्हणेन.

विजेच्या हिशेबात इंडक्शन पुढे. साधारण ८५ टक्के उष्णता भांड्यात उतरते, इन्फ्रारेडमध्ये ७०-७५. २००० वॉटवर अर्धा तास म्हणजे एक युनिट.

पण घावणे करायला बसलं की खरी परीक्षा. इंडक्शनची गुंडाळी लहान असते, त्यामुळे तवा मधोमध जळतो आणि कडेला घावणा पांढराच राहतो. सुरुवातीला पाच-सात मिनिटं मंद आचेवर तवा तापू द्यायचा, मग पीठ घालायचं. एकदम मोठी आच दिली तर बीड तडकूही शकतं. पेजेला वेगळी अडचण. स्वस्त इंडक्शन मंद आचेवर चालू-बंद होत राहते, पेज एकदा उसळते, एकदा गप्प बसते. इन्फ्रारेडची काच ऊब धरून ठेवते, त्यावर पेज सावकाश शिजते.

कुठलीही घ्या, आधी वायरमनला बोलवा. २००० वॉटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर खेचते. आम्ही ती आठवडाभर ओट्यावरच्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालवली, तर पिन काढताना बोटं भाजली. १६ अँपिअरचा पॉइंट हवाच. अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात जमिनीतला जांभा दगड कोरडा पडला की ते कमजोर होतं.

खाऱ्या दमट हवेचा त्रास दोन्हींना. आत पंखा आणि बोर्ड असतो, झुरळं ऊब शोधत शिरतात. आमची पहिली शेगडी दुसऱ्या पावसाळ्यात गेली. उघडली तेव्हा बोर्डावर हिरवा थर होता. आता काम झालं, थंड झाली की पुसून कपाटात ठेवतो.

गॅस मात्र काढून टाकू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि घरचा साधा इन्व्हर्टर एवढा भार ओढत नाही.

घरात लहान मूल आहे, म्हणून आम्ही इंडक्शन घेतली, सोबत दोन नवे टोप. चतुर्थीचे मोदक अजून गॅसवरच उकडतात.